घरी सोलर, इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवताय? आधी वही-पेन घ्या

सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती केव्हीएचा इन्व्हर्टर घेऊ?" आणि इथूनच सगळा हिशोब उलटा सुरू होतो. इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो हो. आधी घराला दिवसाला किती वीज लागते ते काढायचं, मग त्यातली सूर्य मावळल्यावर किती लागते त्यावरून बॅटरी, मग दिवसाचा खर्च भागवून ती बॅटरी परत भरेल एवढे पॅनल, आणि शेवटी एका वेळी जास्तीत जास्त काय काय चालणार त्यावरून इन्व्हर्टर. हा क्रम सोडला की हमखास असं होतं की इन्व्हर्टर दणदणीत, पॅनल भरपूर आणि बॅटरी मात्र रात्री दोन वाजता मान टाकते.

लोडचा हिशोब

वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास, आणि १००० वॅट-तास म्हणजे १ युनिट, वीजबिलावर असतं तेच युनिट. घरात फिरा, प्रत्येक वस्तूच्या मागे चिकटवलेलं लेबल बघा आणि लिहून काढा. फक्त फ्रिजच्या बाबतीत लेबलवर जाऊ नका, कारण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, त्यामुळे लेबलावरचे वॅट गुणिले २४ केलं तर आकडा भलताच मोठा येतो. प्लगमध्ये लावायचं छोटं एनर्जी मीटर मिळतं, ते लावून फ्रिज पूर्ण २४ तास चालवा आणि आकडा वाचा, हे सगळ्यात खात्रीचं.

एक उदाहरण घेऊ म्हणजे पुढचं सगळं त्यावरच बोलता येईल. चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, ३० वॅटचे, १० तास, म्हणजे १२०० वॅट-तास. आठ एलईडी बल्ब ९ वॅटचे, ५ तास, ३६०. फ्रिज दिवसाला १२०० धरा. वायफाय राउटर १० वॅट, २४ तास, २४०. टीव्ही ८० वॅट, ४ तास, ३२०. लॅपटॉप ६० वॅट, ६ तास, ३६०. पाण्याची १ एचपीची मोटर वीज ओढताना साधारण १००० वॅट ओढते, अर्धा तास, म्हणजे ५००. वॉशिंग मशीन ३००. बेरीज आली ४४८०, म्हणजे साडेचार युनिट. आता यातलं संध्याकाळ ते सकाळ किती? पंख्यांचे बहुतेक तास, लाईट, टीव्ही, अर्धा फ्रिज, राउटर, थोडा लॅपटॉप मिळून साधारण अडीच युनिट.

आता एक गोष्ट जी जवळपास कुणीच मोजत नाही. इन्व्हर्टर स्वतःसुद्धा वीज खातो! काहीच लोड नसलं तरी ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर सहज ५० वॅटच्या आसपास घेत बसलेला असतो, चोवीस तास. म्हणजे दिवसाला १.२ युनिट नुसतं त्याचं स्वतःचं, आपल्या उदाहरणातल्या फ्रिजएवढंच. हा आकडा स्पेसिफिकेशन शीटमध्ये 'नो लोड कन्झम्प्शन' किंवा 'सेल्फ कन्झम्प्शन' म्हणून दिलेला असतो, घेण्याआधी नक्की बघा, गरजेपेक्षा मोठा इन्व्हर्टर घ्यायचा नाही याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि पॅनल वाढवण्याआधी लोड कमी करता येतं का ते बघा, मी तर हे आग्रहाने सांगेन. साधा जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. चार पंखे दहा तास चालवले तर जुन्याचे ३ युनिट, नव्याचे १.२. म्हणजे रोजचे १.८ युनिट वाचले, आणि ते बहुतेक रात्रीचे, जे बॅटरीतून येतात आणि म्हणून सगळ्यात महाग पडतात. गिझर, इस्त्री, हीटर या वस्तू मात्र बॅटरीच्या लाइनवर घेऊच नका. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट संपलं, तेवढ्यात चार बीएलडीसी पंखे अख्खी रात्र चालतात. इस्त्री करायचीच असेल तर भर दुपारी, पॅनल जोरात असताना.

बॅटरी

रात्रीचे अडीच युनिट, इन्व्हर्टरमध्ये बॅटरीच्या डीसीचं घरात चालणारं एसी होताना ८-१० टक्के जातात म्हणून ते झाले २.७, वर इन्व्हर्टरचं स्वतःचं १४ तासांचं ०.७, एकूण ३.४ युनिट बॅटरीतून रोज बाहेर काढायचे आहेत. आता बॅटरीवर लिहिलेली क्षमता आणि खरंच वापरता येणारी क्षमता यात फरक असतो, आणि तो बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असतो.

लेड-ॲसिड ट्युब्युलर, १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास), म्हणजे १२ गुणिले १५० बरोबर १८०० वॅट-तास. पण ती रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, निम्मीच वापरायची असा हिशोब धरायचा, म्हणजे हातात ९०० वॅट-तास. आपल्याला ३.४ युनिट हवेत म्हणजे अशा चार बॅटऱ्या, सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्ट. अजून एक, लेबलवर १५० एएचच्या पुढे सी१० लिहिलंय का सी२० ते बघा. सी२० म्हणजे २० तासांत हळूहळू काढली तर १५० मिळतील, सी१० म्हणजे १० तासांत काढूनही १५० मिळतील, म्हणजे सी१० वाली खरंच मोठी. लेड-ॲसिडमधून जितक्या घाईने वीज काढाल तितकी ती एकूण कमी देते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडलंय आणि आजही तसंच लागू आहे.

लिथियममध्ये घरासाठी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. इतर लिथियम प्रकारांपेक्षा ती तापमानाला जास्त सहनशील असते आणि चार्ज-डिस्चार्जचे हजारो फेरे देते. ३.२ व्होल्टचे १६ सेल सिरीजमध्ये म्हणजे ५१.२ व्होल्ट, १०० एएच असेल तर ५.१२ युनिट, त्यातले ८० ते ९० टक्के आरामात वापरता येतात. आपल्या ३.४ ला एक बॅटरी पुरून थोडी शिल्लक. शिवाय चार्ज करताना घातलेल्यापैकी ९० टक्क्यांच्या वर परत मिळतं, लेड-ॲसिडमध्ये ७५ ते ८५, म्हणजे तिथे तोच लोड चालवायला पॅनलही थोडे जास्त लागतात.

मग लेड-ॲसिड घ्यायचीच नाही का? तसं नाही. वीज क्वचितच जात असेल आणि बॅटरी फक्त अडीअडचणीला असेल तर ट्युब्युलर चांगलं काम करते, फक्त तिला नियमितपणे पूर्ण चार्ज मिळायला हवा. अर्धवट चार्ज अवस्थेत दिवसेंदिवस राहिली तर प्लेटवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि क्षमता कायमची जाते. रोज रात्री बॅटरीवर घर चालवायचं असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, एलएफपीच. जुन्या लेड-ॲसिडच्या जोडीला नवी कधी लावू नका, सिरीजमध्ये सगळ्यात अशक्त बॅटरी बाकीच्यांनाही खाली ओढते.

बॅटरी ठेवायची कुठे हा प्रश्न लोक शेवटच्या दिवशी विचारतात, तो आधी विचारा. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून हवा खेळती पाहिजे, बंद कपाटात नको, आणि इन्व्हर्टर बरोब्बर तिच्या डोक्यावर नको. उष्णतेचंही तसंच, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. एलएफपीला गॅसचा त्रास नाही पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, थंड प्रदेशात असाल तर हीटरवाली किंवा घराच्या आत ठेवायची. झोपायच्या खोलीत आणि घराबाहेर पडायच्या वाटेवर कुठलीच बॅटरी नको.

पॅनल

पॅनलवर ५४० किंवा ५५० वॅट लिहिलेलं असतं ते लॅबमधलं असतं, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. खऱ्या उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातो. मोनो पर्क प्रकारच्या पॅनलची पॉवर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते, म्हणजे ४० अंश वर गेलं की १४ टक्के गेले, ५४५ चे ४७० उरले. टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये ही घट ०.३ च्या आसपास असते. म्हणून पॅनलच्या खालून वारा गेला पाहिजे, पत्र्यावर किंवा कौलांवर चिकटवून बसवू नका, १० ते १५ सेंटीमीटर तरी मोकळं सोडा.

हिशोब असा. चांगलं ऊन असेल तिथे १ किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतात. तुमच्या ठिकाणाचा आकडा 'पीक सन अवर्स' (दिवसभराचं ऊन म्हणजे पूर्ण १००० वॅटच्या उन्हाचे किती तास) नावाने मिळतो, त्याला ०.७५ ते ०.८ ने गुणायचं, बाकीचे तापमान, धूळ, वायर यात जातात. आपला दिवसाचा खर्च ४.५, वर इन्व्हर्टरचे १.२, वर बॅटरी आणि कन्व्हर्जनमधलं नुकसान, मिळून ६.५ धरा. भागिले ४ म्हणजे १.६ किलोवॅट. पण ढगाळ दिवसानंतर बॅटरी परत वर यायला हवी म्हणून २५-३० टक्के जास्त, म्हणजे २.१, म्हणजे ५४५ चे चार पॅनल. आणि हो, वर्षातला जो सगळ्यात कमी उन्हाचा महिना असेल त्याच्या आकड्यावर हिशोब करा, वार्षिक सरासरीवर नको, नाहीतर नेमकं त्या महिन्यात घर अंधारात.

दिशा सोपी आहे, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, आणि उतार साधारण तुमच्या अक्षांशाइतका. विषुववृत्ताजवळ असाल तरी १० अंश तरी ठेवा, त्याहून सपाट ठेवलं तर पावसाचं पाणी खालच्या कडेला साचून मातीचा पट्टा बसतो. एक-दोन अंश इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, तासन्‌तास कोन मोजत बसू नका.

तो वेळ सावलीवर घालवा. सावली हा खरा शत्रू. पॅनलमध्ये सेल सिरीजमध्ये असतात आणि बहुतेक पॅनलला तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट पुढे नेणारे), म्हणजे एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी तो डायोड अख्खा एक तृतीयांश भाग वगळून टाकू शकतो. हाफ-कट (अर्धे कापलेले सेल असलेल्या) पॅनलमध्ये नुकसान थोडं कमी होतं पण संपत नाही. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात पॅनलच्या जागेवर उभं राहून बघा, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा टाकी, कठडा, अँटेना, शेजारचं झाड यांच्या सावल्या कितीतरी लांब येतात हे लक्षात घेऊन बघा. सावली टाळण्यासाठी स्ट्रक्चर अर्धा मीटर उंच करावं लागलं तर करा, पण उंच केलं की वाऱ्याचा उचलण्याचा जोर वाढतो, मग पाया आणि बोल्ट त्या मानाने हवेत. सव्वादोन मीटर लांब आणि साधारण २८ किलोचा एकेक पॅनल असतो, वादळात तो सुटून उडाला तर काय होईल याचा विचार करा. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं, क्लॅम्प कंपनीने मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेतच, आणि बसवताना पॅनलवर पाय कधीही द्यायचा नाही, काच फुटत नाही पण आत सेलला बारीक तडे जातात जे डोळ्यांना दिसत नाहीत.

व्होल्टेजचं गणित, हे चुकवू नका

चार पॅनल सिरीजमध्ये जोडले की व्होल्टेज बेरीज होतं. ५४५ वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट (काहीच लोड नसतानाचं) व्होल्टेज साधारण ४९.५, चारचे १९८. चालू असताना एकाचं ४१.५, चारचे १६६. इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणाऱ्या भागाची) रेंज समजा १२० ते ४५० व्होल्ट आहे, तर आपण आत आहोत. पण दोन्ही टोकं तपासायची. उन्हाळ्यात पॅनल तापले की चालू व्होल्टेज १६६ वरून १४३ पर्यंत उतरेल, अजून १२० च्या वर, ठीक. तीनच पॅनल असते तर? १२४ वरून १०७, म्हणजे भर दुपारीच चार्जिंग बंद पडलं असतं आणि कारण शोधता शोधता नाकीनऊ आले असते.

दुसरं टोक थंडीचं. तापमान २५ अंशांच्या खाली गेलं की व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. समजा कुणी १० पॅनल सिरीजमध्ये लावले, ४९५ व्होल्ट, आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५००. कागदावर बसतंय. पण ५ अंशांच्या पहाटे ते ५.४ टक्के वाढून ५२२ होतं आणि सूर्य उगवताच इन्व्हर्टरचा इनपुट जळतो, वॉरंटीही जाते कारण लॉगमध्ये ओव्हरव्होल्टेज दिसतं. तुमच्याकडे नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान घेऊनच हे गणित करा.

इन्व्हर्टर

आधी प्रकार. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन (वीज कंपनीची वीज) गेली की बंद पडतो, कितीही ऊन असलं तरी. तो दोष नाहीये, ते मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर लाइनवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरून शॉक बसेल. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर ऑफ-ग्रिड किंवा हायब्रिड पाहिजे. ऑफ-ग्रिडवाला बॅटरी, सोलर आणि लाइन तिन्ही घेतो पण लाइनमध्ये परत काही पाठवत नाही. हायब्रिड उरलेली वीज लाइनमध्ये पाठवू शकतो, त्याला वीज कंपनीची परवानगी आणि वेगळं मीटर लागतं, आणि ती परवानगी हातात येण्याआधी ते सेटिंग चालू करायचं नाही, अगदी पाच मिनिटं बघायला म्हणूनसुद्धा नाही.

साइज. एका वेळी फ्रिज, मोटर, पंखे, टीव्ही मिळून आपल्या उदाहरणात १५०० वॅटच्या आत बसतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट ते पाचपट, कधी त्याहून जास्त ओढते, म्हणजे हजार वॅटची मोटर पाच हजारांचा झटका देऊ शकते. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर जो काही सेकंद दुप्पट झेलतो तो इथे पुरेल. केव्हीए आणि किलोवॅट एकच समजू नका, ५ केव्हीएवाला पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ४ किलोवॅटच देतो. प्युअर साइन वेव्ह पाहिजे, नाहीतर पंखे गुणगुणतात आणि मोटरी तापतात. चार्ज कंट्रोलर (पॅनलच्या विजेने बॅटरी भरणारा भाग) एमपीपीटी, पीडब्ल्यूएम हा दुसरा प्रकार नको, कारण पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि वरचं व्होल्टेज वाया जातं.

सिस्टीम ४८ व्होल्टची का? ३००० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे २५० अँप, ४८ वर ६३. करंट चौथा हिस्सा झाला की त्याच वायरमधलं नुकसान सोळावा हिस्सा होतं. एक-दोन पंखे आणि बल्बपुरतं १२ ठीक आहे, घरासाठी नाही.

वायर, फ्यूज, अर्थिंग

लोक पाचवा पॅनल घेतात आणि वायर-फ्यूजमध्ये काटकसर करतात. कृपा करून हे करू नका, घराला आग लागते ती इथून लागते.

एसी आणि डीसीमधला फरक नीट समजून घ्या. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये तो शून्य येतच नाही, ठिणगी ताणली जाऊन जळत राहते. म्हणून पॅनलच्या लाइनवर घरातला साधा एसी एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर) लावायचा नाही, डीसी रेटिंगचा आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) किंवा एमसीबीच, आणि त्याचं व्होल्टेज रेटिंग तुमच्या थंडीतल्या व्होल्टेजपेक्षा वर. काही डीसी एमसीबीवर प्लस-मायनसची दिशा छापलेली असते, उलटा लावला तर तो ठिणगी तोडतच नाही, आत जळतो.

पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची सोलर केबल, उन्हात न तडकणारी, व्होल्टेज ड्रॉप ३ टक्क्यांच्या आत. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणारे) दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात पण आतला स्पर्श नीट होत नाही आणि तिथे गरम होऊन वितळतं. क्रिम्प (वायरवर दाबून बसवणं) त्याच्या खास पकडीनेच, साध्या पकडीने दाबलेला कनेक्टर आज चालेल आणि वर्षाने जळेल. लोड चालू असताना एमसी४ कधीच ओढून काढायचा नाही, आधी आयसोलेटर बंद. तीन किंवा जास्त स्ट्रिंग (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळा) पॅरलल असतील तर प्रत्येक स्ट्रिंगला फ्यूज, आपल्याकडे एकच आहे म्हणून गरज नाही. व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन म्हणजे एसपीडी मात्र डीसी बाजूला एक आणि एसी बाजूला एक, हवंच.

बॅटरीची केबल ही वेगळीच गोष्ट. ३ किलोवॅट, बॅटरी उतरलेली असताना ४६ व्होल्ट आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता धरली तर ७१ अँप चालू राहणार, २५ स्क्वेअर एमएम तांब्याची लवचिक केबल आणि १०० अँपचा फ्यूज. ५ किलोवॅटला ३५ स्क्वेअर एमएम आणि १५० च्या आसपास. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरला कसलंच संरक्षण नसतं. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँप देऊ शकते, तिथे गाडीतला स्वस्त फ्यूज उपयोगाचा नाही, जास्त करंट तोडण्याची क्षमता असलेला क्लास टी किंवा एनएच प्रकारचा लावा. लग (केबलच्या टोकाचे धातूचे कान) हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबलेले, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळलेले.

अर्थिंग. पॅनलची फ्रेम, स्ट्रक्चर, एसपीडी, इन्व्हर्टरची बॉडी, सगळं अर्थला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे नुसती वायर नटाखाली दाबली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही, दातेरी वॉशर किंवा अर्थिंग क्लिप वापरा आणि मल्टीमीटरने कंटिन्युइटी तपासा.

घरातली बाजू. बॅटरीवर चालणाऱ्या लोडसाठी वेगळी डीबी (वीज वाटणारी ब्रेकरची पेटी) करा. त्या डीबीचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळे हवेत. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो आणि मग इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून आरसीसीबी (करंट गळला की पडून शॉकपासून वाचवणारा ब्रेकर) पडत राहतो, बिचाऱ्या इन्व्हर्टरला शिव्या खाव्या लागतात. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर न्यूट्रल आणि अर्थ स्वतः जोडतो का नाही हेही मॅन्युअलमध्ये बघायला लागतं, कारण ते जोडलेलं नसेल तर बॅकअपवर असताना आरसीसीबी तुम्हाला वाचवू शकत नाही. हे काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. स्ट्रक्चर उभं करणं, हिशोब, केबल ओढणं यात तुम्ही हात घालू शकता, पण मेन बोर्डात नाही. आणि पॅनलला बंद करायचं बटण नसतं, ऊन आहे तोवर ते जिवंतच असतात, दोनशे व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतं.

पहिल्यांदा सुरू करताना

सगळं जोडून झालं, सगळे ब्रेकर बंद आहेत. मल्टीमीटर घ्या. स्ट्रिंगचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) मोजा, आपल्याकडे १९० च्या आसपास यायला पाहिजे, १४०-१५० आलं तर एक पॅनल जोडलाच गेला नाहीये. बॅटरीची पोलॅरिटी दोनदा बघा, उलटी जोडली तर इन्व्हर्टर त्याच क्षणी संपतो. बॅटरी जोडताना आतले कपॅसिटर एकदम भरतात म्हणून जोराची ठिणगी पडते, ब्रेकर असेल आणि बॅटरीत प्रीचार्ज (कपॅसिटर हळू भरायची सोय) असेल तर त्रास नाही, नसेल तर आधी रेझिस्टरमधून क्षणभर भरून मग जोडतात.

क्रम असा, आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर चालू, मग सेटिंग, मग सोलर, मग घराचा लोड एकेक करून, आणि शेवटी लाइन. बंद करताना सोलर आधी काढायचं आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. सोलर चालू असताना बॅटरी काढली तर काही कंट्रोलर जळतात.

सेटिंगमध्ये पहिलं, बॅटरीचा प्रकार. फॅक्टरीतून बहुतेक इन्व्हर्टर लेड-ॲसिडवर सेट असतात. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिडला ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) ५७.६ आणि फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं) ५४ ते ५५, चार्जिंग करंट एएचच्या दहावा हिस्सा, १५० एएचला १५ अँप. १६ सेलच्या एलएफपीला ५६ ते ५६.८ पुरतं, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त चार्ज करणं) पूर्ण बंद, करंट बॅटरीच्या कागदावर असेल तो, बऱ्याचदा १०० एएचला ५० अँप. बॅटरी आणि इन्व्हर्टर कॅन किंवा आरएस४८५ केबलने एकमेकांशी बोलत असतील तर उत्तमच, कारण एलएफपीचं व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतं, नुसतं व्होल्टेज बघून किती शिल्लक आहे ते कळत नाही, बीएमएसचा (बॅटरीतल्या देखरेख सर्किटचा) आकडाच लागतो. मग प्रायॉरिटी, एसबीयू म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, मग लाइन. लाइन वारंवार जात असेल तर बॅटरी ४०-५० टक्क्यांवर आली की लाइनवर जायचं असं ठेवा, म्हणजे रात्रीच्या खंडासाठी काहीतरी हाताशी राहतं. शून्यापर्यंत पिळून काढायची घाई नको.

मग मेन स्विच पाडून बघा. घर चालू राहिलं का, कॉम्प्युटर रीस्टार्ट तर होत नाही ना. यूपीएस मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, अप्लायन्स मोडमध्ये २० च्या आसपास, कॉम्प्युटर असेल तर यूपीएस मोड. तासभर चांगला लोड चालवा आणि मग सगळे लग, ब्रेकर, फ्यूज होल्डर बाहेरून हाताने नाही तर इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे, सगळं बंद करून आवळा, उद्यावर टाकू नका.

पुढे देखभाल फारशी नसते. पॅनल सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका. लेड-ॲसिडमध्ये डिस्टिल्ड वॉटर चार्ज पूर्ण झाल्यावर भरायचं, आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. वर्षातून एकदा बॅटरीचे बोल्ट टॉर्कने तपासा, एसपीडीची छोटी खिडकी हिरवी आहे ना बघा, लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला. आणि पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी त्याच वेळेला पॅनलने दिवसभरात दिलेले युनिट आणि सकाळी बॅटरीत उरलेले टक्के त्याच वहीत लिहून ठेवा, पुढे कधी आकडा घसरला तर धूळ आहे, सावली आहे का बॅटरी थकलीये हे त्यावरूनच कळतं.